परसातली चूल

बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्याला खानदेशाची शीव लागते. धामणगाव बढेच्या बाजूचा हा पट्टा चवीने अर्धा खानदेशीच. सणावाराला, पाहुण्याला इथे खापरावरचे मांडे हवेत. खापर म्हणजे उपडं घातलेलं रुंद मातीचं भांडं. हातावर झेलत झेलत मोठी केलेली पुरणाची पोळी त्यावर पडते. गॅसच्या शेगडीवर हे काम जमत नाही. ज्योत मधोमध लागते, तिथे पोळी करपते आणि कडा कच्च्या राहतात. खापराला पोटाखाली सगळीकडे पसरलेला इस्तो लागतो. म्हणून घरात सिलिंडर आला तरी परसात, गोठ्याच्या कडेला, दगडमातीची चूल टिकून आहे.

ती बांधायला पैसा लागत नाही, पण डोकं लागतं. पहिला प्रश्न दगडाचा. इथला दगड काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला. आच त्याला नवी नाही. पण तो बांधावरचा, उन्हात वाळलेला घ्यावा. नदीनाल्यातला गुळगुळीत गोटा दिसायला छान असतो, मात्र त्याच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं. आच लागली की त्या पाण्याची वाफ होते आणि वाट न मिळाल्याने दगड फुटतो. कपची डोळ्यात जाण्याइतक्या जोरानेही फुटतो.

दुसरा प्रश्न मातीचा, आणि खरी गंमत इथे आहे. शेतातली काळी माती कपाशीला सोनं, चुलीला मात्र नुसती घेतली तर कुचकामी. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच चुलीला पडणार. म्हणून पडक्या घराच्या भिंतीची पांढरी माती आणायची. ती एकदा भिंत होऊन गेलेली असते, तिचं फुगणं-आकसणं कमी. पांढरी नसेल तर काळीतच बारीक कुटार आणि शेण कालवायचं. कुटाराच्या काड्या मातीला धरून ठेवतात. गारा पायाने तुडवून रात्रभर मुरू द्यायचा. घाई करणाऱ्याची चूल पहिल्याच भाकरीला तडकते.

मग तीन बाजूंनी दगड बसवून मध्ये पोकळी ठेवायची, फटी गाऱ्याने भरायच्या, आतून-बाहेरून लिंपायचं. वरच्या काठावर तीन उंचवटे करतात. भांडं त्यांच्यावर टेकतं आणि काठ व भांडं यांच्यात बोटभर फट राहते. या फटीतूनच ज्वाळा भांड्याच्या अंगाला लागून वर जाते. फट बुजली तर धूर तोंडातून बाहेर, बाईच्या डोळ्यात. जास्त झाली तर आच वाऱ्यावर. बाजूला वैल काढला तर मोठ्या भांड्यावरून उरलेल्या आचेवर वरण शिजतं. तोंड थेट वाऱ्यासमोर ठेवू नये. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेचा, तो ज्वाळा भांड्याखालून पार मागे ढकलतो. आडव्या वाऱ्याला तोंड दिलं आणि जळण एका चपट्या दगडावर थोडं उचलून ठेवलं की खालून हवा खेळते, फुंकणी कमी लागते. चूल सावलीत चार-पाच दिवस वाळवायची, आणि पहिला जाळ तुराट्यांचा, हलका. पऱ्हाटीही भडकन पेटते नि भसकन विझते. मांड्यांना बाभळीचे निखारेच हवेत.

एक गैरसमज शहरातल्या हौशी लोकांत फार आहे: चूल जितकी जाडजूड, तितकी जळणाची बचत. दगड आणि माती आच अडवत नाहीत, आधी स्वतः पितात. ग्वाटेमालात 1976 च्या भूकंपानंतर माती आणि वाळूची 'लोरेना' नावाची जाडजूड चूल गाजली. पुढे चाचण्या झाल्या, तेव्हा उघड्या तीन दगडांपेक्षाही तिला जास्त लाकूड लागल्याचं दिसलं. दिवसभर पेटती राहणारी चूल जाड असली तर चालते. एक चहा करायला मात्र तीन दगडच बरे. आच धरून ठेवायची असेल तर आतल्या लिंपणात राख आणि कुटार सढळ हाताने घालावं. कुटार जळून जातं, मागे बारीक पोकळ्या राहतात, आणि त्यांतली हवा आच अडवते.

चूल सुधारण्याचा खटाटोप विदर्भाला जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली गांधीजी आणि कुमारप्पांच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. धुराड्याची मगन चूल तिथलीच. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी 1953 मध्ये बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली. 1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि 2002 मध्ये गुंडाळला. मधल्या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. कागदावर निकष होता किमान 20 टक्के कार्यक्षमतेचा. घरात काय झालं? चुलीचं तोंड लहान, त्यात पऱ्हाट्यांचा भारा जाईना. भोक ठरावीक मापाचं, त्यावर घरचं पातेलं बसेना. बायांनी तोंडं फोडून मोठी केली, धुराडी काजळीने तुंबली, आणि कित्येक चुली पडून राहिल्या.

तरीही हेतू खोटा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर 32 लाख माणसं गेली. ढाब्यांवर 'चुलीवरचं मटण'च्या पाट्या वाचून गहिवरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बंद स्वयंपाकघरात, भिंती काळ्या होईपर्यंत धूर गिळत आमच्या आज्या राबल्या, त्यात गोड असं काही नव्हतं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि रोजचा चहा-भाजी गॅसवर गेली, हे उत्तमच झालं.

पण चूल बाहेर, मोकळ्या हवेत आली की तिचा बराचसा दोष जातो आणि गुण उरतो. चूलबंद आवतन असतं त्या दिवशी, लग्न असो की भंडारा, घरोघरच्या शेगड्या थंड असतात आणि मंडपामागे चर खणून, दगड लावून भट्टी पेटते. वांग्याच्या भाजीची कढई तिच्यावर चढते. शेजारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले जातात, त्यांना तर चूलही लागत नाही. एवढ्या भांड्यांना पुरेल असा जाळ घरगुती सिलिंडरच्या आवाक्यातला नाही.

चुलीचे नवे आराखडे अजूनही निघतात. आखणाऱ्यांना एकच विनंती आहे: कार्यक्षमतेचा तक्ता मांडण्याआधी घरातल्या बाईला विचारून तिच्या खापराचा घेर मोजा.