मंगळावर हवा भरायची कशी?

परग्रहावरच्या वस्तीच्या बऱ्याच कथांत लेखक एक सोय करून घेतो. यान उतरतं, दार उघडतं आणि बाहेरची हवा नेमकी श्वास घेण्याजोगी निघते. अमेरिकन लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांनी ही सोय नाकारली. ‘रेड मार्स’ (१९९२), ‘ग्रीन मार्स’ (१९९३) आणि ‘ब्लू मार्स’ (१९९६) या त्यांच्या तीन कादंबऱ्यांत मंगळ आहे तसा घेतला आहे. पहिले शंभर जण तिथे पोहोचतात, आणि पुढची सुमारे दोन शतकं तो ग्रह राहण्याजोगा करण्यात जातात. ते हे कसं करतात, आणि त्यातलं किती खरोखर जमेल, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

हाताशी काय आहे ते आधी. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के, सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. हवा आहे, पण तिचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्काही नाही, आणि त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. थंडीवर कपडे घालता येतात, कमी दाबावर नाही. दाब पृथ्वीच्या साधारण सहा टक्क्यांखाली गेला की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. म्हणजे प्राणवायूचा प्रश्न नंतरचा. आधी नुसती हवा हवी, कुठलीही.

ती आणायची युक्ती अशी. मंगळाच्या ध्रुवांवर कार्बन डायऑक्साइड गोठलेला आहे, थोडा मातीच्या कणांनाही चिकटून बसला आहे. ग्रह जरा तापवला की तो वायूरूपात बाहेर पडेल. हवा दाट झाली की ती उष्णता धरून ठेवेल, त्यानं आणखी बर्फ उडेल, आणखी उष्णता अडेल. पहिला धक्का बाहेरून द्यायचा, पुढचं काम ग्रहानं स्वतःच करायचं. ही नुसती कादंबरीकाराची कल्पना नव्हे. ख्रिस मॅके, ओवेन टून आणि जेम्स कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९९१ साली ‘नेचर’मध्ये मंगळ राहण्याजोगा करण्याचा असा हिशेब मांडला होता.

धक्का देण्यासाठी रॉबिन्सन यांनी बरीच यंत्रसामग्री उभी केली आहे. जमिनीच्या पोटातली उष्णता वर यावी म्हणून अतिखोल विहिरी खणल्या जातात. वाचायला हे थरारक आहे, गणितात मात्र लंगडं. खडकातून उष्णता फारच सावकाश वर येते. मग हवेवर चालणाऱ्या पवनचक्क्या, ज्यांतून जमिनीला ऊब मिळते. तीही नगण्यच, पण यांत एक डाव आहे. त्या चक्क्यांत जनुकं बदललेलं शेवाळ लपवलेलं असतं, आणि सॅक्स रसेल हा शास्त्रज्ञ कुणाची परवानगी न घेता ते ग्रहभर पसरवतो. यंत्रापेक्षा सजीव स्वस्त, कारण ते स्वतःची संख्या स्वतः वाढवतात. माझ्या मते सगळ्या योजनेतली सर्वांत व्यवहारी गोष्ट हीच. सर्वांत दमदार साधन म्हणजे अवकाशातले प्रचंड आरसे. मंगळाला आपल्या निम्म्याहूनही कमी ऊन मिळतं. आरशांनी ते वाढवायचं.

इथवर गोष्ट जमते. अडतं ते साठ्यापाशी. गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे मंगळावर पृथ्वीइतका दाब हवा असेल तर दर चौरस मीटरवर सुमारे २७ टन हवा लागते. आपल्या डोक्यावर दहाच टन असते. आज मंगळावर चौरस मीटरला दोनशे किलोसुद्धा भरत नाही. उरलेली कुठून आणायची? ब्रूस जॅकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी २०१८ साली यानांनी जमवलेल्या माहितीवरून उपलब्ध कार्बन डायऑक्साइडची बेरीज केली. ध्रुवांवरचा सगळा बर्फ उडवला तरी दाब जेमतेम दुप्पट होतो. मातीतला आणि खडकांतला मिळवला तरी गरजेच्या जवळपासही पोहोचत नाही. फार पूर्वी मंगळावर दाट हवा असावी, पण तिचा मोठा भाग सौरवाऱ्यानं अवकाशात उडवून नेला. कुणी म्हणेल, मग नवी भरलेली हवाही तशीच जाईल! ती जाईल, पण कोट्यवधी वर्षांत. तो आक्षेप मला लटका वाटतो. मुळात भरायला हवाच नाही, हा खरा.

समजा दाब मिळाला, तरी कार्बन डायऑक्साइड माणसाला विषच. त्यात मिसळायला नायट्रोजन हवा, म्हणून कादंबरीत तो शनीच्या टायटन या चंद्रावरून आणतात. प्राणवायू वनस्पतींकडून घ्यायचा. मॅके आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा की ग्रह तापवायला शंभरेक वर्षं पुरतील, पण वनस्पतींच्या बळावर श्वास घेण्याजोगी हवा व्हायला लाखभर वर्षं लागतील. रॉबिन्सन यांनी हा काळ भलताच आवळला. शिवाय पात्रांना आयुष्य लांबवणारा उपचार दिला, म्हणजे तांबडा मंगळ पाहिलेलीच माणसं निळा मंगळही पाहतात. अ‍ॅन क्लेबोर्न ही भूवैज्ञानिक पहिल्यापासून म्हणत असते की या ग्रहाला हात लावू नका. दीर्घायुष्यामुळे तिचं आणि सॅक्सचं भांडणही शतकभर चालू राहतं. विज्ञानाची ही तडजोड कथेच्या पथ्यावर पडली आहे.

एक गोष्ट कादंबऱ्यांच्या वेळी ठाऊकच नव्हती. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं, वजनाला अर्धा टक्का किंवा थोडं अधिक. ते थायरॉइडचं काम बिघडवतं. म्हणजे उघड्यावर शेती करायची तर आधी माती धुवायला हवी.

सगळा ग्रह बदलण्याचा नाद सोडला तर मात्र चित्र पालटतं. प्राणवायू छोट्या प्रमाणावर करता येतो. ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरच्या ‘मॉक्सी’ या उपकरणानं २०२१ ते २०२३ या काळात तिथल्याच हवेतून १२२ ग्रॅम प्राणवायू काढून दाखवला. उरतो निवारा. आत पृथ्वीच्या एक तृतीयांश दाब ठेवला, तरी ती हवा छताच्या दर चौरस मीटरला तीन टनांहून जास्त जोरानं बाहेर ढकलते. मंगळावरच्या घराचं छत कोसळण्याची भीती कमी, उडण्याची जास्त! ते दाबून ठेवायला वर सहाएक मीटर माती टाकायची. हीच माती अवकाशातला किरणोत्सारही अडवते. ‘रेड मार्स’मध्ये नादिया ही रशियन अभियंता मंगळावर आल्या आल्या हेच करते: तिथल्या मातीच्या विटा, विटांच्या कमानी, आणि त्यांवर मातीचा ढीग.