चाकाच्या पोटातली रेष

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर सागाचा ओंडका चढवण्याआधी मिस्त्री त्याचं तोंड निरखून पाहतो. रेषा कुठून निघाल्या, कुठे वळल्या, गाठ कुठे बसली, हे कळल्याशिवाय पातं चालत नाही. रेषेच्या अंगाने निघालेली फळी चौकटीत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. रेष तिरकी सुटली, तर तीच फळी वजन पडताच रेषेवरून उकलते. झाड तेच, ताकद मात्र दिशेप्रमाणे बदलते. कारण लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब, बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. तंतूंच्या लांबीवर ओढलं तर लाकूड जेवढं सहन करतं, त्याचा दहावा हिस्साही ते आडवं ओढल्यावर सहन करत नाही.

आता सेल्युलोजच्या जागी कार्बन आणि लिग्निनच्या जागी इपॉक्सी राळ ठेवा. आज जगातल्या सर्वांत महागड्या स्पोर्ट्‌स कारखाली फिरणारं चाक तयार झालं! हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हापासून लकडगंजातला ओंडक्यांचा ढीग मी साध्या नजरेने पाहू शकलेलो नाही.

स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्यापुढे हल्ली खराच प्रश्न असतो: चाकं कार्बन फायबरची घ्यावीत की फोर्ज्ड धातूची? मुळात चाकाच्या वजनाची एवढी काळजी कशासाठी, ते आधी पाहू. गाडीत ठेवलेल्या एक किलो सामानाला वेग द्यायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा चाकाच्या कडेवरच्या एक किलोला लागते. कडेवरचा तो किलो गाडीबरोबर पुढे तर जातोच, शिवाय तेवढ्याच वेगाने गोलही फिरतो. ब्रेक दाबला की तीच दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. त्यात चाक स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यातून उसळलेलं जड चाक पुन्हा रस्त्याला टेकायला वेळ घेतं, आणि टायर हवेत असेपर्यंत गाडी चालकाच्या हातात नसते. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडी शक्य तितकी हलकी का हवी, हे विदर्भातल्या बैलजोडीच्या मालकाला कुणी समजावावं लागत नाही.

फोर्जिंगसाठी महाराष्ट्राला दूर जावं लागत नाही. पुण्याची भारत फोर्ज १९६१ साली स्थापन झाली आणि तिथले क्रँकशाफ्ट व अॅक्सल जगभरच्या ट्रकांत बसतात. तत्त्व चाकालाही तेच लागू पडतं. साध्या अलॉय व्हीलसाठी वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओततात. ते थिजताना आत बारीक पोकळ्या राहू शकतात, आणि कणांना कुठलीच दिशा नसते. फोर्जिंगमध्ये धातू वितळवत नाहीत. अॅल्युमिनियमचा भरीव गोळा चारशे अंशांच्या वर तापवून हजारो टनांच्या दाबाखाली चेपतात. घन धातू दाबाखाली वाहतो, पोकळ्या मिटतात आणि आतले कण वाहण्याच्या दिशेने लांबट होतात. असा भाग मधोमध कापून, घासून चकचकीत केला आणि त्यावर आम्ल लावलं, की धातूच्या पोटातल्या रेषा उमटतात. आकार वळतो तिथे त्याही वळतात, कोपऱ्यावर तुटत नाहीत. सागाच्या फळीत झाडाने जे केलं, ते इथे प्रेसने घडवलेलं असतं.

पण या धातूची खरी जादू भट्टीत घडते. चाकांसाठी वापरतात त्या ६०६१ मिश्रधातूत जेमतेम एक टक्का मॅग्नेशियम आणि त्याहून थोडं कमी सिलिकॉन असतं. चाक सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवलं की हे दोन्ही अॅल्युमिनियममध्ये विरघळतात. मग ते झटकन पाण्यात बुडवतात, म्हणजे विरघळलेले अणू बाहेर पडायच्या आत जागच्या जागी अडकतात. नंतर १७५ अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवलं, की अडकलेले अणू हळूहळू गोळा होऊन नॅनोमीटरच्या मापाचे कण बनतात. धातूचे थर एकमेकांवरून घसरू लागले की हेच कण त्यांना अडवतात. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने वळण घेणारी गाडी या न दिसणाऱ्या कणांच्या भरवशावर असते.

कार्बनकडे येताना नागपूर सोडायची गरज नाही. मिहानमधल्या टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७-९ विमानाचे फ्लोअर बीम कार्बन फायबरच्या कम्पोझिटपासून बनले आहेत. ज्या विमानाच्या वजनाचा निम्मा भाग कम्पोझिटचा, त्याच्या प्रवाशांच्या पायाखालचा आधार आपल्या वर्धा रोडवरून जातो, हे मला विलक्षण वाटतं.

कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या दशांशाच्या आसपास. तो बनतो पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून, ज्या जातीच्या धाग्याची अॅक्रिलिक लोकर आपण स्वेटरला वापरतो. हा धागा आधी २०० ते ३०० अंशांवर हवेत ताणून भाजतात, मग हजार अंशांच्या वर नायट्रोजनमध्ये तापवतात. ऑक्सिजन नसल्यामुळे तो जळत नाही. बाकी जवळपास सगळं उडून जातं आणि कार्बन मागे राहतो. २०१७ साली पोर्शने ९११ टर्बो एसच्या खास आवृत्तीसाठी या धाग्याची चाकं आणली. रिमचा भाग सुमारे नऊ मीटर व्यासाच्या यंत्रावर विणला जायचा आणि एका चाकात १८ किलोमीटरहून जास्त धागा जायचा. चारही चाकं मिळून साडेआठ किलो वजन वाचलं आणि ताकद २० टक्क्यांनी वाढली. त्याआधी फोर्डने मस्टँग शेल्बी जीटी३५०आरला मुळातूनच कार्बनची चाकं दिली. ऑस्ट्रेलियातल्या कार्बन रेव्होल्यूशनने बनवलेलं ते चाक आठ किलोंच्या आसपास भरायचं. त्याच मापाचं अॅल्युमिनियमचं चाक पंधरा किलोंचं!

मग प्रश्न कुठे उरतो? उष्णतेत आणि ठोकरीत. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तरी उन्हाचं चाकाला भय नाही, चांगली इपॉक्सी शंभर अंशांच्या पुष्कळ वर टिकते. भय आहे ते आत बसलेल्या ब्रेकच्या डिस्कचं. जोरात चालवलेल्या गाडीत ती पाचशे अंश सहज ओलांडते आणि तिची धग रिमला आतून भाजते. राळ नरम पडली की धागे कितीही पक्के असोत, त्यांना धरायला कोणी उरत नाही. म्हणून फोर्डच्या त्या चाकांना आतून सिरॅमिकचा लेप प्लाझ्माने फवारून दिला होता.

ठोकरीचा स्वभाव तर दोघांचा अगदी वेगळा. फोर्ज्ड धातू वाकतो. वाकलेली कड दिसते, स्टिअरिंग थरथरतं, हवा उतरते. काय झालं ते चाक स्वतःच सांगतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरून रंगाला ओरखडाही नसतो. विमानांच्या कम्पोझिट भागांवर तंत्रज्ञ नाण्याने ठोकून आवाज ऐकतात: घट्ट भाग टणक वाजतो, थर सुटलेला भाग बद्द. पक्की खात्री अल्ट्रासाउंडने होते, आणि ती सोय गल्लीतल्या टायरवाल्याकडे नसते. फॉर्म्युला वनमध्ये १९८१ पासून गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा झाला, पण चाकं मात्र धातूचीच राहिली, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

एक मधला मार्ग बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएससाठी दाखवला: मधला भाग आणि आरे फोर्ज्ड अॅल्युमिनियमचे, बाहेरची रिम कार्बनची. हे पाहून मला आपल्या बैलबंडीचं चाक आठवतं. तिथे तुंबा आणि आरे लाकडाचे, म्हणजे तंतूंचे, आणि बाहेर लोखंडाची धाव. तापवून फुगवलेली धाव चाकावर चढवली, पाणी ओतलं, की ती आकसून सगळे सांधे आवळून धरते. दोन्ही चाकांत तंतू आणि धातू एकत्र, पण जागा उलट्या. बंडीला दगडधोंड्यांवर झिजायचं असतं म्हणून लोखंड बाहेर. मोटारीची झीज रबराने अंगावर घेतली, तेव्हा कड मोकळी झाली आणि कडेवरचा प्रत्येक किलो दुप्पट भारी पडतो म्हणून तिथे हलका कार्बन आला.

माझं मत विचाराल तर नागपूरच्या रस्त्यांवर आणि समृद्धी महामार्गावर चालणाऱ्या गाडीला फोर्ज्ड चाकंच घ्यावीत. कार्बन ज्यांची गाडी ट्रॅकवर धावते, जे दर ठोकरीनंतर चाक तपासून घेतील आणि एक चाक गेलं तर दुसरं मागवायची ज्यांची ऐपत आहे, त्यांच्यासाठी. पोर्शच्या त्या चार चाकांची किंमत पंधरा हजार युरोंच्या वर होती. फोर्ज्ड चाक घेतलंत तर मात्र एक सांभाळा. रिम वाकली आणि कोणी गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करून देतो म्हणाला, तर ठाम नकार द्या. पावणेदोनशे अंशांवर तासन्‌तास जमवलेले ते नॅनोमीटरचे कण ज्योतीच्या धगीत फुगून विरळ होतात. रिम पुन्हा गोल दिसेल, पण ज्योत लागलेल्या जागी धातू मऊ झालेला असेल.