नोकरीची जाहिरात आणि मोकळेपणा

"पाहिजे : हुशार, मेहनती व पडेल तें काम करणारा कारकून. पगार लायकीप्रमाणें. अर्ज बॉक्स नंबरवर करावा." या धर्तीच्या जाहिराती सुशिक्षित घरांतून पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या आहेत. आतां त्या मोबाइलवरहि दिसतात; मजकुराचा मोघमपणा मात्र तोच आहे. हातचें राखून लिहिण्यांत व्यवहारचातुर्य आहे असें मालकास वाटतें. वस्तुतः त्याचा पहिला भुर्दंड त्यालाच पडतो.

काम कोणतें हें न सांगितल्यानें वाटेल तो अर्ज करतो आणि ते चाळण्यांत कचेरीचा आठवडा जातो. पगार गुप्त ठेवल्यानें होणारी हानि याहून सूक्ष्म आहे. ज्याला बरी नोकरी आहे असा अनुभवी मनुष्य रजा टाकून अनिश्चित पगाराच्या मुलाखतीस सहसा येत नाहीं. (बिननांवाच्या जाहिरातीस धाडलेला अर्ज आपल्याच मालकाच्या मेजावर तर जाणार नाहीं ना, ही धास्ती निराळीच!) जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० मध्यें जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, मालाचा गुण एकाच पक्षास ठाऊक असला म्हणजे दुसरा पक्ष सर्वच मालाकडे संशयानें पाहतो व चांगल्या मालास त्याचें मोल मिळत नाहीं. नोकरीचेंहि तसेंच आहे. उत्तम वेतन देणारा मालक मौन पाळील, तर उमेदवार त्याला कद्रू मालकांच्याच पंक्तीस बसवितो.

पगार छापला तर जुने नोकर कुरकुरतील, हा नेहमींचा आक्षेप. तो खोटा नाहीं. परंतु त्या कुरकुरीचें मूळ जुन्या माणसास कमी देण्यांत असतें.

भारतांत १९५९ च्या कायद्यानें रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवितांना कामाचें स्वरूप, वेतन व ठिकाण सांगावें लागे; वर्तमानपत्रांतील जाहिरातीस तें बंधन नव्हतें. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यानें २०२१ पासून जाहिरातींतच वेतन देणें सक्तीचें केलें. तेव्हां घरीं बसून करावयाच्या कामांसाठीं कांहीं कंपन्यांनीं 'कोलोरॅडोच्या रहिवाशांनीं अर्ज करूं नये' असें छापून पळवाट काढली!

सर्वांत अवघड असतें तें अप्रिय गोष्ट लिहिणें. महिन्यांतले दहा दिवस फिरती आहे, असें छापल्यास अर्ज कमी येतील हें खरें. पण तें न छापल्यास, घरीं अंथरुणाला खिळलेली आई असलेला उमेदवार हातची नोकरी सोडून रुजू होतो, पहिल्याच आठवड्यांत फिरतीचा हुकूम त्याच्या हातीं पडतो, आणि महिन्याभरानें तीच जाहिरात पुन्हां छापली जाते.