आठ हजार चेंडू आणि चार रुपये पगार

१८८४ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स ग्रेज या बेसबॉल संघाचा चार्ल्स रॅडबर्न चेंडू टाकत असताना प्रतिस्पर्ध्यांचे २,०३६ गडी बाद झाले. एकाच मोसमात. बेसबॉलच्या डावात तीन गडी बाद होतात. रॅडबर्नच्या नावावर त्या वर्षी ६७८ डाव आणि वर दोन गडी आहेत. एका गड्यामागे चारच चेंडू धरले तरी ८,१४४ चेंडू होतात. पिचर तेव्हा ५० फुटांवरून चेंडू टाकायचा. ही सगळी अंतरं जोडली तर जवळपास १२४ किलोमीटर भरतात. अमरावतीत राजापेठ चौकातून अकोल्याच्या दिशेनं एवढं अंतर मोजत गेलं, तर अकोला मागे पडून बाळापूर येईल. आणि हे सगळं एका माणसाच्या एका हाताचं काम.

आज तिथे मोसमाला १६२ सामने होतात, प्रॉव्हिडन्सनं तेव्हा ११४ खेळले होते. तरी आता २०० डाव टाकणारा पिचर दमदार समजला जातो. १९८० मध्ये स्टीव्ह कार्लटननं ३०० चा आकडा ओलांडला, त्यानंतर तो कुणालाच गाठता आलेला नाही.

रॅडबर्नवर ही वेळ आली कारण जुलैत संघाचा दुसरा पिचर चार्ली स्वीनी सोडून गेला. रॅडबर्न स्वतः त्या वेळी निलंबित होता. त्यानं मालकांशी सौदा केला: उरलेले सामने मी टाकतो, जादा पैसे द्या आणि मोसम संपला की मला करारातून मोकळं करा. मग त्यानं ओळीनं १८ सामने जिंकले. सकाळी केस विंचरायला हात वर जात नसे, असं सांगतात. त्याचे एकूण विजय ५९ की ६०, यावर आकडेवारीची माणसं आजही भांडतात. एका सामन्याचाही हिशेब सुटू नये, इतकी ती नोंदवही जपलेली आहे.

आपल्याकडे पुण्यात, याच्या आठेक वर्षांनी, क्रिकेट गोलंदाज पालवणकर बाळू पूना क्लबात नोकरीला लागले. पगार महिना चार रुपये. त्याआधी पारशांच्या क्लबात तीन होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, चुना मारायचा, जाळी बांधायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बॅट मात्र बाळूंच्या हाती कुणी दिली नाही. या साहेबांपैकी कॅप्टन ग्रेग त्यांच्यापुढे तासन्‌तास खेळायचा. बाद केलं की आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केलं की एक पगार.

जाळीतल्या त्या चेंडूंची मोजदाद नाही. दिवसाला शंभर आणि वर्षाला दोनशे दिवस एवढं धरलं, तरी २०,००० होतात; रॅडबर्नच्या त्या अचाट मोसमाच्या जवळजवळ अडीचपट, आणि बाळूंनी हे काम काही वर्षं केलं. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या पगारी खेळाडूंचे सर्वांत मोठे आकडे असेच, कुणी न लिहिलेले आहेत. रॅडबर्नला सौदा करता आला. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना पुढे पुण्याच्या हिंदू संघात घेतलं, तरी चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. मग सौद्याची गोष्ट कुठली!

अमेरिकेची जपलेली वहीही सगळ्यांसाठी उघडी नव्हती. त्याच १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोकडून ४२ सामने खेळला. पुढे कृष्णवर्णीयांना दार बंद झालं, ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत, म्हणजे ६३ वर्षं.

इकडे प्रथम श्रेणी क्रिकेटच्या दप्तरात बाळूंचं नाव येतं तेव्हा ते तिशीला आलेले होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पस्तिशीच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. प्रथम श्रेणीचे त्यांच्या वाट्याला आलेले सामने ३३, बळी १७९, सरासरी पंधराच्या आसपास. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.