मुशीच्या अलीकडे

पहाटे ५.४५
पुण्याच्या रविवार पेठेतल्या जुन्या वाड्यात काकांच्या खोलीचा दिवा लागतो. वय पासष्टच्या पुढे. तीस वर्षं सराफी पेढीवर काट्यापाशी बसले, आता स्वतःचा नाण्यांचा गाळा आहे. आज बुधवार, म्हणजे जुन्या बाजाराचा दिवस. पिशवीत सामान भरून होतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशात मावणारा काटा, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, बॅटरी, सुती हातमोजे. चहा घेतात. बिस्किटं नको म्हणतात. बोटांना तूप-तेल लागलं की ते नाण्याला लागतं.

६.३०
मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. रिक्षाचे ऐंशी रुपये झाले. ताडपत्र्या अंथरल्या जाताहेत. पाने, जुने नळ, घड्याळं, पितळी कुलपं, आणि मधेच एका परातीत नाण्यांचा ढीग. काका उकिडवे बसतात. बॅटरी वरून मारत नाहीत, बाजूने मारतात. तिरक्या उजेडात झीज दिसते.

परातीत पहिल्यांदा हाताला लागतो तो राम दरबार. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. विकणारा दादा सांगतो, "काका, लाखाला मागणी हाय." काका हसत नाहीत. "दादा, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. पन्नासला देवघरासाठी विका, पण लाखाचं कुणाला सांगू नका."

शेजारी शिवरायांचे होन. पाच आहेत, पाचही एकाच साच्यातले, एकाच जागी खाच असलेले. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो आणि जगात मोजकेच उरले आहेत. काका ते हातातही घेत नाहीत.

७.४०
तासाभरात एकच गोष्ट घेतात. चांदीच्या दोन चवल्या, पंचम जॉर्जच्या. एकीला वर भोक. १९१८ पासून चवली तांबं-निकेलची झाली, कारण पहिल्या महायुद्धात चांदी पुरेना. ह्या दोन १९१४ आणि १९१७ च्या. काट्यावर एक भरते १.४३ ग्रॅम, दुसरी १.३९. नवी असताना १.४६ असते. भोकाने आणि बोटांनी तेवढं खाल्लं. घासाघीस फार होत नाही. दोघांनाही चांदीचा भाव तोंडपाठ आहे.

९.१५
गाळा उघडतो. आठ बाय दहा फूट. महिन्याचं भाडं बारा हजार. मदतीला एक मुलगा आहे, बी.कॉम. झालेला, महिना साडेतेरा हजार. तो आधी काटा तपासतो. शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवतो. १००.०० दिसलं की पुढचं काम. मग ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली, ॲसिटोनची बाटली, मऊ कापड, पुठ्ठ्याचे होल्डर. पीव्हीसीच्या पाकिटात नाणं वर्षभर राहिलं की हिरवट चिकट थर येतो. तो काढायला ॲसिटोन. बाकी काही काढायचं नाही.

फळ्यावर आजचा चांदीचा भाव लिहितात. गेल्या काही महिन्यांत हा आकडा वरचेवर पुसावा लागतो आहे. भाव चढला की कपाटं उघडतात.

१०.२०
बार्शीकडच्या एक मावशी येतात. मुलीची फी भरायची आहे. रुमालात चोवीस रुपये, बंदे. सासूबाईंनी ठेवलेले.

मुलगा मखमली ट्रेवर ओळी लावतो. पाच राणीछाप. तीन सातव्या एडवर्डचे, बिनमुकुटाच्या राजाचे. बारा पंचम जॉर्जचे. चार सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे. हे चार तो वेगळे सरकवतो. दिसायला सारखेच, पण १९४० पासून रुपयात चांदी निम्मी राहिली. आधी बारा भागांत अकरा भाग होती. टेबलावर टाकून बघतो. पहिला खणखणतो, दुसरा भद्द वाजतो.

मावशी विचारतात, "सगळे एकाच भावात ना?"
"नाही, मावशी. हिशोब दाखवतो."

काका पाटीवर लिहितात. जुने वीस रुपये, एकूण २२९.६ ग्रॅम. त्यात चांदी २१०.५. निम्म्या चांदीचे चार, ४६.४ ग्रॅम. त्यात चांदी २३.२. म्हणजे वजन २७६, चांदी सुमारे २३४. मावशी दोनदा बघतात. गावातल्या माणसाने सगळ्याचाच एक भाव सांगितला होता, तो कमी पडत होता की जास्त, हे आता त्यांना ताडता येतं.

१०.५०
मग भिंग. राणीच्या कानाच्या वरचे केस, राजाच्या दाढीची वळणं, मुकुटातले मोती. नाणं सगळ्यात आधी उंचवट्यावर झिजतं. बारापैकी सात रुपये १९१८ ते १९२० मधले. त्या वर्षांत रुपया प्रचंड पडला. युद्धामुळे लोकांना कागद नको होता, चांदी हवी होती. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर आटवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी विकली. त्यामुळे हे रुपये आजही घरोघर निघतात. संग्राहक त्यांच्याकडे वळून बघत नाही, अगदी टाकसाळीची झळाळी असेल तरच.

तीन रुपये पांढरेफटक आहेत. राख आणि लिंबू. "घासले का?" "हो, तुमच्याकडे यायचं म्हणून काल रात्री." काका मान खाली घालून पुढचा रुपया उचलतात. शंभर वर्षं साचलेली काळपट छटा गेली की श्रेणीही गेली. भिंगाखाली केसासारख्या रेघा उरतात.

पुढचा रुपया १९११ चा. काका तो दोनदा फिरवतात. मुलाला बोलावतात. "राजाच्या छातीवर बघ, साखळीतला हत्ती." हत्तीची सोंड आखूड, पाय आखूड. लोकांना तो डुक्कर वाटला आणि बोभाटा झाला. १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट कोरून दिला, आणि १९११ चे बरेचसे रुपये पुन्हा मुशीत गेले. म्हणून हा वेगळा.

मावशींना यातलं काही ठाऊक नाही. काका त्यांना सगळं सांगतात. "हा चांदीच्या भावाने देऊ नका. मला विकूही नका आज. लिलावाला लावतो, पावती घेऊन जा. विकला गेला तर दहा टक्के माझे." मग जोडतात, "पुढच्या वेळी घासू नका काही."

मावशी पाच राणीछाप परत रुमालात बांधतात. लक्ष्मीपूजनाला लागतात. अठरा देतात. काका प्रत्येकामागे पन्नास रुपये ठेवतात आणि बाकी रक्कम तिथल्या तिथे मुलीच्या खात्यावर जाते. मावशी फोनवर मेसेज वाचून घेतात. मगच उठतात.

१२.४५
डबा. भाकरी, मेथी, ठेचा. हात साबणाने दोनदा धुतात, पुसतात, वाळू देतात.

१.३०
एक तरुण १९३९ चा रुपया आणतो. हे साल दुर्मिळ आहे आणि त्यामुळेच त्याचे नकली रुपये भरपूर. वजन ११.६४. व्यास बरोबर. काका पाण्याचं छोटं भांडं काट्यावर ठेवतात, आकडा शून्य करतात आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडतात, तळाला न टेकवता. काटा १.१३ दाखवतो. ११.६४ ला १.१३ ने भागलं की १०.३. चांदी खरी आहे. तांबं-निकेलचं असतं तर आकडा १.३ च्या वर गेला असता.

तरुणाचा चेहरा खुलतो. काका भिंग सालावर नेतात. दोन्ही नऊंकडे बघतात. पहिला नऊ उभा, कोरीव. शेवटच्या नऊच्या खालच्या डाव्या अंगाला धातू खरवडलेला, भोवतीची जमीन किंचित खोलगट. १९३८ चा आठ आहे, एका बाजूने उघडलेला.

"रुपया खरा आहे. साल खोटं आहे." तरुणाने त्याला हजारो रुपये मोजले आहेत. तो वाद घालतो, मग भिंग मागतो, स्वतः बघतो. काका त्याला खरा नऊ आणि हा नऊ शेजारी शेजारी दाखवतात. पैसे घेत नाहीत. बघण्याचे पैसे ते कधीच घेत नाहीत. श्रेणीची चिठ्ठी लिहून द्यायची असेल तर नाण्यामागे शंभर.

२.४०
सोन्या मारुती चौकाजवळ टंच काढायचं दुकान. काका एका गिऱ्हाइकाच्या पुतळ्यांच्या माळेतल्या तीन पुतळ्या घेऊन जातात. यंत्रात पुतळी ठेवतात, क्ष-किरण पडतात, मिनिटात पडद्यावर आकडा. एकीचे शंभर, तिन्हीचे तीनशे. गिऱ्हाइकाने दिलेले आहेत.

दोन पुतळ्या बावीस कॅरेटच्या आत-बाहेर, अक्षरं अर्थहीन, इकडेच घडवलेल्या. तिसरी जवळजवळ शुद्ध, साडेतीन ग्रॅमला थोडी कमी. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख. व्हेनिसचा अस्सल ड्यूकॅट. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपलं. त्याचं नाणं सोलापुरातल्या कुणाच्या तरी गळ्यात दोनशे वर्षं राहिलं. पण वर कडी डाखली आहे. डाखाच्या उष्णतेने कड वितळली. संग्राहकाच्या हिशोबात हा दागिना, नाणं नव्हे. काका चिठ्ठीवर तसंच लिहितात. गिऱ्हाइकाला फोन करून सांगतात, "माळ मोडू नका. सुटी करून जास्त मिळणार नाही."

४.०५
फोन. एका शेतकऱ्याच्या नांगराला मडकं लागलं. आत चांदीची नाणी. फोटो पाठवू का?
"पाठवू नका. आधी तहसीलमध्ये जा, तिथून कलेक्टरांना कळवा." १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कळवावंच लागतं. पलीकडचा म्हणतो, दुसरा एक जण आजच गाडी घेऊन यायला तयार आहे. काका म्हणतात, "तो मडकं नेईल आणि केस तुमच्यावर राहील. मडकं पण फोडू नका. नाणी एकत्र राहिली तरच कुणी, कधी पुरली ते कळतं." फोन ठेवतात. थोडा वेळ काही बोलत नाहीत. चहा मागवतात, तीन कप, तीस रुपये.

४.३०
न्यू जर्सीहून एका जुन्या ओळखीच्याचा निरोप. घरातली पेशवाईतली नाणी भावाबरोबर तिकडे मागवायची आहेत. काका उत्तर लिहायला लावतात: शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. इथेच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, फोटो काढून ठेवा, वजनं लिहून ठेवा.

५.१५
दिवसाचं अवघड काम आता. सहा मराठा रुपये, लिलावासाठी. अंकुशी चार, चांदवडी दोन. नाव दिल्लीच्या बादशहाचं, फारसीत. टाकसाळ मराठी मुलखातली. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे अर्धी अक्षरं चकतीबाहेर राहतात. इथे नुसती झीज बघून चालत नाही. टाकसाळीचं नाव किती आलं, साल आलं का, अंकुशाची खूण पुरी आहे का, ठोका मधोमध बसला का, हे सगळं बघायचं. वर सराफांनी पारखताना मारलेले ठोके. काही संग्राहक ठोक्याला पैसे कापतात. काका म्हणतात, तो आपल्याच धंद्यातल्या माणसाचा हात आहे, पण चिठ्ठीवर नोंदवायलाच हवा.

अमेरिकेत सत्तर गुणांची मोजपट्टी आहे. विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी बसवली. यंत्राने पाडलेल्या रुपयाला ती लागू पडते. हाताने ठोकलेल्या चांदवडीला कशी लावणार? काका शब्दांत लिहितात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन. आणि पुढे दोन ओळी कारण.

पद्धत अशी की दोघांनी वेगवेगळं बघायचं. मुलगा आपली श्रेणी कागदावर लिहून उलटा ठेवतो. मग काका. पाच जुळतात. एका चांदवडीवर काका व्हेरी फाइन, मुलगा फाइन. काकांचा शब्द मोठा. चिठ्ठी काकांच्या श्रेणीने लिहिली जाते. मुलगा गप्प राहतो, पण ते नाणं ट्रेवरून उचलत नाही.

६.४५
आटणीवाला येतो. त्याच्यासाठी आठवड्याचा माल वेगळा काढलेला असतो: सालं न वाचता येणारे रुपये, भोकं पडलेले, डाख लावलेले, निम्म्या चांदीचे. पिशवी ओतण्याआधी काका एकेक नाणं पुन्हा उजेडाखाली धरतात. आटणीवाल्याला घाई आहे, मूस तापलेली आहे. काका घाई करत नाहीत. दोन रुपये बाजूला काढतात. एकावर मुंबईची खूण आहे, दुसऱ्यावर साल अंधुक पण वाचता येतंय. बाकी तोलून देतात. आटणीवाल्याकडे गेलेलं नाणं पुन्हा कुणाला दिसणार नाही, म्हणून ही शेवटची नजर ते मुलावर सोपवत नाहीत.

७.३०
वही. मावशींच्या अठरा रुपयांवर ९००. सहा चिठ्ठ्यांचे ६००. जमा दीड हजार. भाड्याचा दिवसाचा वाटा ४००, मुलाचा पगार ४५०, रिक्षा ८०, चहा ६०, होल्डर ४०. खर्च १,०३०. हातात ४७०. चवल्या अजून विकायच्या आहेत, १९११ चा रुपया लिलावाला जायचा आहे. जे झालेलं नाही ते वहीत येत नाही.

मुलगा जाताना चांदवडी पुन्हा समोर ठेवतो. "काका, खालच्या ओळीत बघा. झीज नाही ती, ठसाच कमी उठलाय असं तुम्ही म्हणालात. पण मागच्या बाजूलाही तशीच सपाट आहे." काका दिवा उजवीकडून डावीकडे घेतात. नाणं फिरवतात. ठसा कमी उठला असता तर सपाट जागेवर चकतीचा मूळ खरबरीतपणा उरला असता. इथे गुळगुळीत आहे. बोटांनी झिजलेली आहे.

चिठ्ठी फाडतात, नवी लिहितात. फाइन. कारणाच्या दोन ओळीही बदलतात. मालकाला लिलावात त्यामुळे कमी मिळतील. तो उद्या दुपारी बारा वाजता येणार आहे. मुलाला सांगतात, "तो आला की भिंग त्याच्या हातात दे. आधी त्याला बघू दे, मग चिठ्ठी दाखव. आणि श्रेणी तू काढलीस हे मी सांगेन."