धूर गरम हवा, गिअरबॉक्स गार

ऑफिसातून घरी आल्यावर गाडी पार्किंगमध्ये लावली, इंजिन बंद केलं, तरी बॉनेटखालचा पंखा घोंघावतच राहतो. गाडीखालून करपट वास येतो. शेजारी विचारतात, "काही जळतंय का हो?" डिझेल ऑटोमॅटिक गाडी नव्यानं घेतलेल्या शहरी माणसाला हा अनुभव कधी ना कधी येतोच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस सेंटरचा फोन वाजतो. शेजाऱ्यांचं नाक चुकलेलं नसतं. गाडीखाली खरोखरच जळत असतं. पण जळत असते ती काजळी, आणि ती जळायलाच हवी असते. आपण फक्त ते काम अर्ध्यावर तोडून इंजिन बंद केलेलं असतं.

या गाड्यांच्या मालकांकडून ऐकू येणाऱ्या गोष्टी वरवर सुट्या सुट्या वाटतात. सिग्नलवर उभं असताना इंजिनाचा आवाज मध्येच चढतो. एखाद्या दिवशी ॲव्हरेज अचानक घसरतं. डिझेलच्या झाकणाशेजारी निळ्या टोपणाची दुसरी टाकी असते आणि ती भरायची राहिली, तर गाडी सुरू न होण्याची धमकी देते. घाटात एक गाडी लोण्यासारखी चढते, दुसरी मात्र 'क्लच तापला' म्हणून थांबायला सांगते. या सगळ्याचं मूळ शोधत गेलं, की माणूस दर वेळी उष्णतेपाशी येऊन पोचतो. आधुनिक डिझेल ऑटोमॅटिक गाडीत काही भाग सणसणीत तापावे लागतात आणि काही भाग अजिबात तापून चालत नाहीत. मालकाला सुख मिळणार की मनस्ताप, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सुरुवात इंजिनापासूनच करावी लागेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. रुडॉल्फ डिझेलनं १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ठिणगीला जागाच नव्हती. हवा एवढी दाबायची, की ती दाबानंच तापेल आणि आत फवारलेलं इंधन आपोआप पेटेल. आजच्या गाड्यांत हवा साधारण सोळाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाटही अरुंद होते. डिझेल इंजिन मात्र हवा जवळपास पूर्ण घेतं, कमी-जास्त होतं ते इंधन. म्हणजे गाडी रांगेत सरपटत असताना सिलिंडरमध्ये भरपूर हवा आणि थेंबभर डिझेल असतं. एवढ्याशा ज्वलनाची उष्णता एवढ्या हवेत पसरली, की बाहेर पडणारा धूर पेट्रोल गाडीच्या मानानं गारच असतो. सिग्नलवर उभ्या गाडीत तो कित्येकदा दीडशे अंशांच्याही खाली असतो.

डिझेल गाडी चांगलं ॲव्हरेज देते त्याचं एक कारण हेच. उष्णता वाया कमी जाते. आणि नेमकी तीच वाया न गेलेली उष्णता पुढे धुराच्या नळीत कमी पडते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅम झाली. देशभरच्या पंपांवर डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणलं गेलं. बीएस-५ ही पायरी आपण गाळलीच. हा बदल पेलणं परवडणार नाही म्हणून मारुती सुझुकीनं डिझेल कार बनवणंच थांबवलं. ज्यांनी चालू ठेवलं, त्यांच्या गाड्यांत धुराच्या वाटेवर डीपीएफ आला.

डीपीएफ म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर, सिरॅमिकचा एक ठोकळा. त्यात बारीक बारीक आडव्या नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी, मागून बंद. तिच्या शेजारची पुढून बंद, मागून उघडी. धुराला बाहेर पडायचं तर मधल्या सच्छिद्र भिंतीतून झिरपावंच लागतं आणि काजळी अलीकडेच अडकते. बीएस-६ गाडीच्या नळीत बोट फिरवलं, तर ते बहुधा स्वच्छच निघतं, ते याच भिंतींमुळे. पण अडकलेली काजळी कुठे जाणार? ती जाळायची. नुसत्या प्राणवायूवर ती नीट जळायला ५५० ते ६०० अंश लागतात. धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडची मदत मिळाली, तर २५० ते ४०० अंशांतही ती हळूहळू निघून जाते.

पुण्याहून कोल्हापूरला नेहमी ये-जा करणाऱ्याची गाडी महामार्गावर हे सौम्य काम आपोआप करते. 'डीपीएफ' हा शब्द वर्षानुवर्षं त्याच्या कानावरही पडत नाही. तीच गाडी, त्याच कंपनीची, त्याच रंगाची, दुसऱ्या कुणाला मुलांना शाळेत सोडणं, भाजी, बँक आणि तीन किलोमीटरवरचं ऑफिस एवढ्यासाठी वापरायची असते. तिचा धूर कधी तापतच नाही. काजळी साठत जाते. फिल्टरच्या दोन्ही टोकांतला दाबाचा फरक मोजून संगणक ठरवतो, की आता आपणच जाळलं पाहिजे. मग तो मुख्य ज्वलन होऊन गेल्यावर सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल फवारतो. ते फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टवर जळतं आणि धूर ६०० अंशांपर्यंत तापवतं. यालाच गॅरेजमध्ये 'रीजन' म्हणतात. त्या दहा-वीस मिनिटांत आयडल चढतो, ॲव्हरेज पडतं, पंखे जोरात फिरतात, सिग्नलवर इंजिन बंद करणारी सोय काम करत नाही. बऱ्याच गाड्यांत यासाठी कुठलाही दिवा लागत नाही, म्हणून ही लक्षणं ओळखता येणं मालकाच्या फार उपयोगाचं आहे. शक्य असेल, तर त्या वेळी गाडी बंद न करता थोडं पुढे फिरवून आणावी. आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर तर गाडी अशा वेळी चुकूनही उभी करू नये.

इथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा हात लागतो, आणि त्याबद्दल विकणारे सहसा काही सांगत नाहीत. ॲव्हरेज चांगलं यावं म्हणून हा गिअरबॉक्स शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो. पन्नासच्या वेगातही इंजिन १,३०० फेऱ्यांच्या आसपास रेंगाळत राहतं. चालवणाऱ्याला ते शांत, सुखाचं वाटतं, धूर मात्र थंडच राहतो. म्हणून डीपीएफचा दिवा लागला, की जाणता मेकॅनिक सांगतो, मोकळ्या रस्त्यावर जा, गिअर मॅन्युअलवर घे, एक-दोन गिअर खाली ठेव आणि इंजिन दोन हजारांच्या वर ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालव. हे ऐकून पुष्कळांना वाटतं की तो गाडी पळवायची चटक लावतोय. वेग वाढवायची गरजच नसते, धूर तापेल इतकं काम इंजिनाला देणं पुरतं. दिव्याकडे दुर्लक्ष केलं, तर गाडी ताकद कमी करून घेते, मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून फिल्टर जाळावा लागतो आणि त्याही पलीकडे गेलं तर बदलावा लागतो. तो खर्च चांगलाच झोंबतो.

अर्धवट राहिलेल्या रीजनचा आणखी एक परिणाम आहे आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. मालक दांडी काढून बघतो तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! काहींना याचा आनंदच होतो. पण डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, त्याचं वंगण कमी पडतं, आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणारा टर्बो त्याच ऑइलवर विसंबून असतो. दांडीवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.

आता निळ्या टोपणाची टाकी. सिलिंडरमधली आग फार तापली, की हवेतलाच नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. आग थंड ठेवली तर ती कमी होतात, पण काजळी वाढते. एक दाबावं तर दुसरं उसळतं, असा हा पेच आहे. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगन पकडली गेली ती याच पेचात. चाचणीच्या वेळी ऑक्साइडं आवरायची आणि रस्त्यावर मोकळी सोडायची, अशी लबाडी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती उघडी पडली, ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजमाप केल्यामुळे. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या मोजमापाची अट आली. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ पासून असलेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या अशा चाचण्या करते.

या ऑक्साइडांवर बऱ्याच गाड्यांत उपाय आहे तो युरियाचा. ॲडब्लू किंवा डीईएफ या नावानं मिळणाऱ्या द्रवात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. हे प्रमाण सहज आलेलं नाही. युरिया-पाण्याचं मिश्रण याच प्रमाणात सर्वांत उशिरा, उणे ११ अंशांना गोठतं. गरम धुरात फवारल्यावर युरियापासून अमोनिया बनतो आणि अमोनिया त्या ऑक्साइडांचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. पुन्हा अट तीच, धूर गरम हवा. थंड नळीत युरिया नीट फुटत नाही आणि पांढरे खडे धरतात. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकावा, असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं मुळीच ऐकू नये. आपल्याकडच्या शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेला असतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कॅटॅलिस्ट मारून टाकतात.

फिल्टर कापून त्या जागी रिकामा पाइप बसवून देणारी गॅरेजंही आहेत. 'कटकटच नको' म्हणून लोक ते करून घेतात. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीच्या धुराची घनता बघतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत आणि सूक्ष्म कणांची संख्याही मोजत नाहीत. म्हणून हे खपून जाईल, असा हिशेब असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. आपली कटकट वाचवण्यासाठी तो धूर बसथांब्यावर उभ्या असलेल्या लेकुरवाळीच्या तोंडावर सोडायचा, हे मला अक्षम्य वाटतं.

गिअरबॉक्सकडे आलं की गणित उलटं होतं. इथे उष्णता शत्रू आहे. डिझेल इंजिनाचा जोर अगदी खालच्या फेऱ्यांत असतो. ह्युंदाई क्रेटाची १.५ लिटरची दोन इंजिनं घ्या. साधं पेट्रोल आणि डिझेल दोन्ही ११५ अश्वशक्तीच्या आसपास, पण पेट्रोलचा पीळ (टॉर्क) १४४ न्यूटन-मीटर आणि तोही ४,५०० फेऱ्यांना, तर डिझेलचा २५० आणि तो १,५०० फेऱ्यांनाच हजर. एवढा पीळ सुटताना अलगद चाकांपर्यंत न्यायला टॉर्क कन्व्हर्टर उत्तम. ताक घुसळताना रवीबरोबर माठातलं ताकही गरगरतं. इथे इंजिन रवी फिरवतं आणि गरगरणारं तेल समोरच्या दुसऱ्या पात्यांना फिरवतं. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली जहाजांसाठी याचं पेटंट घेतलं होतं. धातूला धातू घासत नाही, म्हणून चढावर गर्दीत ही गाडी शांतपणे सरकते. जी काही घसरण होते, तिची उष्णता तेल घेतं आणि कूलर ती बाहेर टाकतो. वेग आला, की आतला क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो.

कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं तसं नाही. गिअर बदलण्यात तो फार चपळ, पण इंच इंच सरकताना त्याचा क्लच सतत अर्धवट घासतो आणि तापलेला क्लच गार करायला तिथे तेल नसतं. सणाच्या आदल्या दिवशी खंबाटकी घाटात रांग लागली, की अशाच गाड्यांच्या डॅशबोर्डवर इशारे झळकतात. पुढच्या गाडीशी थोडं अंतर पडू द्यावं आणि मग एकदाच सरळ पुढे जावं, हा त्यावर खरा उतारा. एएमटी तर मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच दाबायला मोटर बसवलेला. त्याला चढावर केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायला लावणं, म्हणजे क्लच जाळणं.

कोकणात उतरताना उष्णता ब्रेकमध्ये जाते. पेट्रोल इंजिनात पाय काढला, की अडवलेली हवा ओढून घेण्यात पिस्टनचा जोर खर्च होतो आणि गाडी रोखली जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, दाबली जाते आणि तोच दाब पिस्टनला परत खाली ढकलतो, त्यामुळे रोध कमी मिळतो. त्यात 'डी'मध्ये ठेवलेला गिअरबॉक्स उतारावर वरचा गिअर टाकण्याची शक्यता असते. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना मॅन्युअलवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरावा आणि न्यूट्रलमध्ये तर गाडी कधीच सोडू नये. वाटेत चहाला उतारावर थांबलात, तर आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पायातला ब्रेक सोडायचा आणि गाडी स्थिरावली की 'पी'. थेट 'पी' टाकलं, तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येतो, आणि निघताना जो 'खट्' आवाज होतो तो त्याचाच.

अशी गाडी जुनी घ्यायची असेल, तर किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ते कसे झाले हे विचारावं. महामार्गावर लाखभर किलोमीटर पळालेली गाडी शहरात तीस हजार रखडलेल्या गाडीपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं. जुनी सर्व्हिस बिलं मागून घ्यावीत, त्यात ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. ऑइलची दांडी काढून पातळी बघावी. आणि ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्यावा. शेवटचं पूर्ण रीजन किती किलोमीटरपूर्वी झालं, हे बऱ्याच गाड्यांचा संगणक सांगतो. दोन रीजनमधलं अंतर काही शे किलोमीटर असेल तर ठीक. ते शंभराच्या आत आलं असेल, तर फिल्टर भरत आलेला असू शकतो, आणि मग किंमत त्या हिशेबानं पाडून मागावी.