गाडी एका अंगाला ओढते? आधी विचारा, केव्हा ओढते!



गळिताचा मोसम तोंडावर आला, की ज्याचा-त्याचा ट्रॅक्टर, ट्रक आणि ट्रॉली शेडमधून बाहेर निघते. रंगरंगोटी होते, खंडेनवमीला हार-नारळ होतो. हे सगळे योग्यच आहे. पण एक दुखणे असे आहे, की ते रंगाखाली झाकून जाते. ड्रायव्हर सांगत असतो, "मालक, गाडी डावीकडं वढायलीय." आणि मालक म्हणतो, "स्टिअरिंग जरा उजवीकडं धरून चालव. मोसम झाल्यावर बघू."

मोसम झाल्यावर बघायची ही गोष्ट नव्हे. आपल्याकडे वाहन डाव्या बाजूने चालते, आणि रस्त्याच्या डाव्या कडेलाच उसाची बैलगाडी असते, सायकलवाला असतो, शाळेची पोरे असतात. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची रीघही याच कडेने असते. रात्रीच्या वेळी भरलेली गाडी हातभर डावीकडे सरकली, तरी अनर्थ व्हायला तेवढे पुरते. शिवाय एका अंगाला ओढणारी गाडी टायर खाते, डिझेल जास्त पिते आणि खेपेला उशीर करते. उशीर झाला की तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते आणि उताराही उतरतो. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही, त्या सभासदाचेही यात नुकसान आहेच.

बैलजोडीचा नियम

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे दुखणे लवकर समजेल. जोडीतला एक बैल मागे राहिला, की गाडी त्याच्याच अंगाला वळते. चाकाचेही तसेच आहे. ज्या अंगाच्या चाकाला अडथळा जास्त, ते चाक मागे रेंगाळते आणि गाडी त्या अंगाला जाते. तेव्हा शोधायचे एवढेच, की कोणते चाक रेंगाळते आणि कशामुळे. त्यासाठी मिस्त्रीकडे जाण्याआधी ड्रायव्हरला तीन प्रश्न विचारावेत. नुसती चालताना ओढते का? ब्रेक दाबल्यावर ओढते का? की फक्त भरल्यावर ओढते?

त्याआधी रस्त्याचा दोष वजा करावा. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून डांबरी रस्ता कडेला उतरता ठेवतात. त्यामुळे चांगली गाडीसुद्धा थोडी डावीकडे जाते. म्हणून पारख सपाट मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने आणि हळू वेगात करावी. स्टिअरिंगवरचे हात सैल करून बघावे, सोडून देऊ नयेत.

नुसती चालताना ओढत असेल तर

पहिली शंका हवेची. ज्या अंगाच्या पुढच्या टायरात हवा कमी, त्या अंगाला गाडी ओढते. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी आणि कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच भरावी. टायरला लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची आपली रीत सोडून द्यावी.

दुसरी शंका टायरची. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला, किंवा दोन वेगळ्या मापांचे टायर पुढे घालू नयेत. हवा बरोबर असूनही गाडी ओढत असेल, तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालून बघावेत. ओढ दुसऱ्या अंगाला गेली, तर दोष टायरचा. तशीच राहिली, तर दोष गाडीत. या पारखीला पैसा लागत नाही.

तिसरी शंका अडकलेल्या ब्रेकची. चार-पाच किलोमीटर ब्रेक न दाबता चालवून गाडी उभी करावी आणि हाताची पाठ प्रत्येक ड्रमजवळ न्यावी. ड्रमला हात लावू नये, भाजेल. एकच ड्रम तापलेला असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग धरते आहे, असे समजावे.

त्यानंतर चाक जॅकवर उचलून, खाली ठोकळा लावून, वर-खाली आणि आडवे हलवून बघावे. खडखड लागली, तर किंगपिन, बेअरिंग किंवा टाय रॉडचे टोक झिजलेले असते. शेवटी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर दोन्ही बाजूंनी सुतळीने मोजावे. फरक पडला, तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून किंवा यू-बोल्ट ढिला होऊन आस सरकली आहे. खड्ड्यात आदळलेल्या गाडीत हे हमखास बघावे.

अलाइनमेंटचा नंबर यानंतर येतो. पुष्कळजण पहिल्यांदा तिथेच पैसे घालतात आणि हवा तशीच कमी राहते!

ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर

इथे गाडी ज्या अंगाला जाते, त्या अंगाचा ब्रेक जास्त धरतो. पण दोष बहुधा दुसऱ्या अंगाला असतो. तिथले सील गळून लायनरवर तेल किंवा ग्रीस आलेले असते, नाहीतर ब्रेक ढिला झालेला असतो. तेलकट लायनर पुसून परत बसवू नये, दोन्ही बाजूंचे बदलावेत.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी. त्याला मागच्या दोन चाकांचे दोन पेडल असतात. शेतात वळण घ्यायला ते उपयोगी. पण रस्त्यावर येताच दोन्ही पेडल कडीने जोडलेच पाहिजेत. कडी न लावता भरधाव एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. कडी लावूनही ओढ राहिली, तर दोन्ही ब्रेक सारखे करून घ्यावेत.

भरल्यावरच ओढत असेल तर

दोष भरणीचा किंवा ट्रॉलीचा असतो. मोळ्या एका अंगाला जास्त रचल्या, ट्रॉलीच्या एका टायरात हवा कमी असली, किंवा दांडी वाकली, की ट्रॉली ट्रॅक्टरला ओढून नेते. मागे प्रमाणाबाहेर ओझे झाले, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवले तरी वळत नाहीत. तुळजापूरच्या घाटासारख्या उतारावर तर ट्रॉली मागून ढकलते. तिथे गाडी गिअरमध्येच ठेवावी. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ.

अलीकडच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग आले आहे. हाताला ओढ कमी जाणवते, म्हणून दुखणे लपून राहते. अशा गाडीत पुढच्या टायरांची झीज दर आठवड्याला बघावी. एक कड जास्त झिजली, की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

गाडीमालक सभासदांनी पहिल्या खेपेआधी अर्धा दिवस या तपासणीला द्यावा. आणि ड्रायव्हर "वढायलीय" म्हणाला, तर त्याच्यावर डाफरू नये. गाडीचे दुखणे सगळ्यांत आधी त्याच्याच हाताला कळते. वजनकाट्यावर खेप एक तास उशिरा आली तर चालेल, पण ती सुखरूप आली पाहिजे.